पाचव्या दिवसाचं पाणी

शनिवारी दुपारी विभागाला कुलूप,
म्हणून आम्ही पाचजण जिन्यात बसायचो.
केगावचं ऊन. लोखंडी कठडा हात लावू देत नसे.
पुढच्या महिन्यात विडी घरकुलच्या शाळेत
आठवीच्या मुलांना शिकवायचं होतं,
मोबाईलवर आलेलं कसं वाचावं.
त्याआधी एकमेकांवर.

एकजण शिक्षक, बाकीचे पोरं.
नरसिंग येमूल पोरगा झाला की फारच पोरगा व्हायचा,
वरच्या पायरीवरून विचारायचा,
"सर, मग तुम्ही तरी खरे कशावरून?"
शिवलीला हत्तुरे आमचे शब्द खुडायची.
मी 'विश्वासार्हता' म्हटलं की कानडीत हसायची,
मग मराठीत,
"आमच्या आईला सांग हे.
भाकरी थापता थापता कळलं पाहिजे."

एकदा नरसिंगने बापाच्या मागावरची चादर आणली.
"उलटी करून बघा. रंग पालटतात, मोर तोच.
बातमीलाही पाठ असते."
आम्ही वा म्हणालो.
तस्लीम म्हणाली, "नको. पोरांच्या लक्षात मोर राहील."
चादर घडी होऊन पिशवीत गेली.
तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी तिच्याच डब्यातली शेंगाचटणी संपवली.

मग माझा पाठ.
नमुना आईच्या फोनवरचा, ताजा:
"उदया पानी येनार नाही पाईप फुटला सरवांना कळवा"
पुढे तीन लाल दिवे आणि जोडलेले हात.
मी खडूनं जिन्याच्या भिंतीवर लिहिलं:
घाई. भीती. निनावी. अशुद्ध.
आणि खाली, ठळक: खोटं.
टाळ्या.
फक्त रेवणसिद्ध, वहीतून मान वर न काढता,
"पाणी सोडणाऱ्याला विचारलं का?"
मी म्हणाले, वेळ संपली.

साखर पेठेत घरी आले, आईला सांगितलं.
आईनं सूप बाजूला ठेवलं, तेंदूची पानं झाकली,
आणि गल्लीभर सांगून आली,
खोटा आहे म्हणे, आमची पोरगी विद्यापीठात तेच शिकते.
उद्या पाचवा दिवस, नळ येणारच,
म्हणून अंबव्वानं पिंपातल्या उरल्या पाण्यात
दोन गोधड्या धुतल्या.

सकाळी नळ नुसता खोकला.
दुपारी अंबव्वा घागर घेऊन
आमच्याच दारावरून बोअरकडे गेली.
काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी जिन्यात सगळं सांगितलं.
नरसिंगसुद्धा हसला नाही.
शिवलीला म्हणाली, "टाळी मीही वाजवली होती."
रेवणसिद्धला म्हटलं, तुला कसं सुचलं?
"आमच्या गावात टँकर येतो. ड्रायव्हरला विचारतो.
तोही कधी कधी थापा मारतो."

मग पाचहीजण पोशेट्टीमामाकडे गेलो.
व्हॉल्व्हची लांब चावी भिंतीला टेकवून
तो चहा बशीत ओतत होता.
मेसेज दाखवला.
"माझाच की," तो म्हणाला.
"रात्री दोनला पाईप फुटला,
खड्ड्यात उभा राहून एका हातानं लिहिलं.
घरात तेलुगू, शाळा चौथीपर्यंत. चुकलं का काही?"
जोडलेले हात कशाला, तस्लीमनं विचारलं.
"लोकांची गैरसोय होणार. माफी नको मागायला?"

परतताना कुणी फार बोललं नाही.
जिन्यात माझी यादी तशीच होती.
मी ओढणीच्या टोकानं 'अशुद्ध' पुसला,
नीट पुसला गेला नाही,
भिंतीवर पांढरा ढग राहिला.
नरसिंग पोरगा होऊन वरच्या पायरीवर बसला,
हात वर केला,
आणि बराच वेळ
काय विचारायचं ते त्याला सुचेना.
आम्ही थांबलो.